एकच रोग, निरनिराळी रूपे

मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांना जंतुसंसर्गाने सूज येते, त्या विकारास मस्तिष्कावरणशोथ म्हणतात. व्यवहारात त्याला 'मेंदूज्वर' असे सरसकट नाव आहे, आणि फसगतीचा आरंभ या नावापासूनच होतो. ज्वर नाही म्हणजे रोग नाही, असा समज त्यातून दृढ होतो. वास्तविक अगदी कोवळ्या आणि अगदी उतारवयातील रुग्णांत ज्वर असेलच असे नाही.

ताप, ताठ मान आणि हरपलेली शुद्ध ही या रोगाची परिचित त्रयी. परंतु नेदरलँड्समधील प्रौढ रुग्णांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळली ती केवळ ४४ टक्के रुग्णांत. डोकेदुखी धरून चारांपैकी निदान दोन लक्षणे मात्र ९५ टक्के रुग्णांत होती. प्रौढांची ही स्थिती, तर ज्यांना आपले दुखणे सांगताच येत नाही त्यांचे काय?

नवजात अर्भक दूध ओढत नाही, निपचित पडते किंवा एकसारखे किरकिरते. उचलून घेतले तरी शांत होत नाही. अंग तापण्याऐवजी गारही पडते. टाळू फुगते, झटके येतात. मान मात्र बहुधा ताठत नाही. काही महिन्यांच्या बाळाचे हेच चिन्ह 'दात येत असतील' किंवा 'दृष्ट लागली' म्हणून दुर्लक्षिले जाते. मोठ्या मुलांत डोकेदुखी, उलट्या, उजेड असह्य होणे ही लक्षणे स्पष्ट असतात. कधी अंगावर लालजांभळे ठिपके उठतात व दाबले तरी फिके होत नाहीत. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपायांवर शोधावे लागतात. वृद्धांत एकाएकी असंबद्ध बोलणे किंवा ग्लानी एवढीच खूण असू शकते. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात, आणि ताठलेल्या मानेचा दोष झिजलेल्या मणक्यांकडे जातो.

या चुकीची किंमत जबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाच्या सहा रुग्णांपैकी एक दगावतो आणि पाचांपैकी एकाला गंभीर व्यंग जडते. बहिरेपण त्यांतलेच. काही तासांचा विलंब एखाद्या कुटुंबावर जन्माचा भार टाकू शकतो. तरीही 'पाठीतले पाणी' तपासण्यास संमती देताना नातेवाईक कचरतात, आणि निदान आणखी लांबते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. हिब जंतूविरुद्धची लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने आणि न्यूमोकोकसविरुद्धची २०२१ पासून देशभर मोफत उपलब्ध झाली. पण या लसींचा आरंभ जन्मानंतर सहाव्या आठवड्यास होतो. तोवरच्या अर्भकाला त्यांचे थेट संरक्षण नाही. वृद्धांचा तर मोफत कार्यक्रमात समावेशच नाही. म्हणजे जेथे लक्षणे सर्वांत पुसट, तेथेच संरक्षणही सर्वांत तोकडे.

आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन अर्भकाची धोक्याची लक्षणे समजावते. वृद्धांच्या घरी अशी सूचना कोण देणार? वयागणिक बदलणारी ही लक्षणे प्रत्येक आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर आणि शाळेच्या वर्गात पोहोचविण्यास फारसा खर्च नाही. तो न करणेच अखेर महागात पडते.