वरचा मजला, खालचा हिशेब

कुठल्याही तालुक्याच्या गावात नव्या वसाहतीकडे नजर टाकली, की गच्च्यांवर कॉलमच्या गंजक्या सळ्या उभ्या दिसतात. घर बांधताना पैसे एका मजल्यापुरतेच होते. पुढे मुलाचं लग्न झालं किंवा भाडेकरू ठेवावासा वाटला की वर चढवू, असा त्या सळ्यांचा अर्थ. दहा-पंधरा वर्षांनी ती वेळ येते आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो हा: चौरस फुटाला भाव काय? ठेकेदार एक आकडा सांगतो, त्याला मजल्याच्या क्षेत्रफळाने गुणलं जातं आणि आलेल्या रकमेवर बँकेचं कर्ज, पतसंस्थेतली ठेव, थोडं सोनं असं सगळं बसवलं जातं. स्लॅबवर मजला चढवताना हा प्रश्न पहिला असूच नये, असं माझं म्हणणं आहे. चौरस फुटाचा दर मोकळ्या प्लॉटवरच्या नव्या घरावरून ठरलेला असतो. वाढीव बांधकामात तो दोन्हीकडून चुकतो. त्यात पाया, जोतं, भराव यांचे पैसे धरलेले असतात, ते इथे कदाचित लागणार नाहीत; आणि इथे जे हमखास लागतं, ते त्यात धरलेलं नसतं. या कामाचं अंदाजपत्रक दोन प्रश्नांवरून मांडायला हवं: नवं वजन कुठून जमिनीत उतरणार आणि नवं पाणी कुठून बाहेर पडणार.

वजनाचा हिशेब वहीच्या एका पानावर होतो, पण तो क्वचितच केला जातो. वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा मजला घेऊ. पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे अडीचशे घनफूट, आपल्याकडच्या भाषेत अडीच ब्रास काँक्रीट. आरसीसीचं वजन घनमीटरला अडीच टन धरतात, म्हणजे नुसता वरचा स्लॅब साडेसतरा टनांच्या घरात गेला. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या आणि दहा फूट उंच घेतल्या, तर दारं-खिडक्या वजा जाता आणखी पस्तीस टन. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला की दहा-बारा टन. बीम, कॉलम, प्लास्टर, फरशी, आतल्या भिंती, पाण्याची टाकी हे सगळं अजून बाजूलाच आहे, आणि नुसती हजार लिटरची टाकी भरली की एक टन. शिवाय आजची गच्ची उद्या राहती खोली होणार. भारतीय मानकात वापराच्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरतात, राहत्या खोलीसाठी दोनशे. सारांश, साठ-सत्तर टन किंवा त्याहून जास्त वजन अशा घरावर येणार, ज्याचा पाया पहिल्यांदा किती घेतला होता हे बहुधा घरमालकालाही आठवत नाही. डोक्यावरचं वजन काय करतं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी घरं कोसळली, त्यांत माळवदाची घरं फार होती: दगडमातीच्या भिंती आणि वर दरवर्षी पावसाआधी माती टाकून टाकून जाड झालेलं सपाट छत. एकेका वर्षीची माती किरकोळ होती. तिची बेरीज कुणी केली नव्हती.

म्हणून अंदाजपत्रकातली पहिली रक्कम विटा-सिमेंटची नसून तपासणीची असावी. दोन-तीन कॉलमांशेजारी खड्डा घेऊन फूटिंग किती रुंद, किती खोल आणि कशावर टेकलंय ते पाहायचं. खाली मुरूम किंवा खडक असला तर ठीक. काळी माती असली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वाढीव भाराचा विचार मुळापासून करावा लागतो. कॉलमच्या काँक्रीटची ताकद हॅमरने अजमावता येते, शंका आली तर कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून पाहता येते. घर कॉलमचं नसून भिंतींवर पेललेलं असेल, म्हणजे कोकणातलं चिऱ्याचं किंवा देशावरचं दगडी, तर नव्या भिंती जुन्या भिंतींच्या बरोबर डोक्यावर येतात की नाही यावरच सगळं अवलंबून आहे. आणि त्या बाहेर सोडलेल्या सळ्या! त्या असल्या म्हणजे घर दुसऱ्या मजल्यासाठीच बांधलंय, अशी समजूत असते. खरं तर त्या एवढंच सांगतात, की कुणाच्या तरी मनात तसा विचार होता. सळीला सळी जोडताना जाडीच्या जवळपास पन्नासपट लांबी एकमेकींवर यावी लागते, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या सळीला अडीच फुटांहून थोडी जास्त. इतकी वर्षं उन्हापावसात राहून ती सळी झडून बारीक झाली असेल किंवा वाकवून वाकवून तुटली असेल, तर कॉलममध्ये भोक पाडून रसायनाने नवी सळी बसवावी लागते. हा खर्च चौरस फुटाच्या दरात कुठेच सापडत नाही.

‘आमच्या मिस्त्रीने आयुष्य घरं बांधण्यात घालवलंय, इंजिनिअरला पैसे कशाला?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चांगल्या गवंड्याचा हात आणि नजर कुठल्याही नकाशापेक्षा कामाला येते. पण जमिनीखालचं फूटिंग कुणाच्याच नजरेला दिसत नाही. इंजिनिअरची फी वाया जाते हेही खरं नाही. त्याने बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांऐवजी सहा इंची हलक्या ब्लॉकच्या सुचवल्या, तर वरच्या उदाहरणात भिंतींचं वजन दहा टनांच्या आसपास येतं. पंचवीस टन वाचले. एवढ्या फरकावर कधी कधी कॉलमना जॅकेट घालायचं काम टळतं, आणि ते काम तर खालच्या राहत्या घरात, फरशी फोडून करावं लागतं. फी त्यापुढे किरकोळ ठरते.

‘पाया तर तयारच आहे, मग हे स्वस्तच पडायला हवं’ हा दुसरा युक्तिवाद. अर्धा खरा आहे. पाया वाचतो, पण त्याच्या बदल्यात दुसरंच काही वाढून बसतं. गच्चीवरचा जुना कोबा आता खोलीच्या फरशीखाली जाणार. तो ठेवला तर दहा-बारा टनांचं निरुपयोगी ओझं, काढला तर फोडण्याची मजुरी आणि राडारोडा उचलायच्या गाड्या. साहित्य डोक्यावरून किंवा लिफ्टने वर चढवायचं, त्याची मजुरी जास्त. जिना बाहेरून काढायचा तर जागा आणि वेगळं फूटिंग. आतून काढायचा तर खालची एक खोली अर्धी झाली. खालच्या मजल्याचे पाइप आणि वायरिंग त्या एका मजल्याच्या बेताने घातलेले असतात. सौरपाटी, टाकी, डिशचा खांब हलवायचे. आणि काही महिने कुटुंब त्याच घरात राहणार, म्हणजे काम थांबत थांबत होणार. यातलं एकेक कलम लहान आहे, पण ठेकेदाराच्या तोंडी आकड्यात ते नसतं आणि काम अर्ध्यावर आलं की प्रत्येक ‘जादा काम’ म्हणून बिलात येतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला विचारलं होतं चौरस फुटाबद्दल, त्याने सांगितलं चौरस फुटाबद्दल.

आता पाणी. सपाट छत सपाट कधीच नसावं. शंभर फुटाला निदान एक फूट ढाळ हवा आणि तो पाण्याच्या तोंडाकडेच हवा. नवा स्लॅब, त्याखाली भिंतींना पडलेले जोड, कठडा स्लॅबला मिळतो तो कोपरा, पाइप बाहेर पडतो ते भोक: गळती बहुधा इथूनच शिरते. तरी वॉटरप्रूफिंग हे काम शेवटचं, पैसे संपल्यावरचं, ‘पुढच्या उन्हाळ्यात पाहू’ म्हणून ढकललेलं. माझ्या मते हा सर्वांत महाग पडणारा निर्णय, कारण एका पावसाळ्यात पाणी सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो, गंज सळईला फुगवतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. कोबा किंवा पडदा घातल्यावर तोटीचं तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी तुंबवायचं आणि खालून छत पाहायचं, ही चाचणी स्वस्त आहे. एक इंच पाणी या सहाशे फुटांवर साधारण दीड टन भरतं, हे इंजिनिअरला आधी सांगावं.

कोकणातल्या लोकांनी यावर आपलं उत्तर केव्हाच काढलंय. स्लॅब टाकतात आणि दोन पावसाळ्यांत त्यावर लोखंडी सांगाडा उभारून उतरता पत्रा चढवतात. मग ‘मुळात स्लॅबच कशाला, वरची खोलीच पत्र्याची करा’ हा आक्षेप येतो, आणि बऱ्याच घरांबाबत तो मला पटतो. सांगाड्यासकट पत्र्याचं छप्पर चौरस मीटरला वीस-पंचवीस किलोंत बसतं, पाच इंची स्लॅब तीनशेच्या वर जातो. पाया दुबळा निघाला तर हाच शहाणपणाचा मार्ग. फक्त तो स्वस्त आहे म्हणून ढिला बांधू नये. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. वजन कमी म्हणजे खाली दाबणारं बळ कमी, म्हणून बोल्ट आणि पट्ट्यांवर खर्च जास्त. उन्हाळ्यासाठी आतून छतही लागेल.

परवान्याचा खर्च लोक वगळतात तो मुद्दाम. मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. प्लॉट आणि रस्त्याची रुंदी यांवरून किती चटई क्षेत्र उरलंय ते कळतं. ते उरलेलं नसेल तर पुढचं अंदाजपत्रक मांडण्यातच अर्थ नाही. ‘सगळेच करतात, पुढे माफी मिळते’ असं म्हणणाऱ्यांना पिंपरी-चिंचवडचं उदाहरण सुचतं. तिथे अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती वर्षानुवर्षं साचली आणि २०२३ मध्ये सरकारने ती माफ केली. पण माफ झाली ती शास्ती. बांधकाम त्यामुळे आपोआप अधिकृत झालं नाही. बँक तारण पाहताना आणि उद्या ग्राहक घर विकत घेताना मंजूर नकाशाच मागतात.

हे सगळं धरून अंदाजपत्रक करायचं तर रुपयांच्या आधी मापं लिहावीत: किती ब्रास खडी, किती पोती सिमेंट, किती किलो सळई. आपल्या सहाशे फुटांच्या स्लॅबला एम-वीस प्रतीच्या काँक्रीटसाठी पंचावन्न ते साठ पोती सिमेंट आणि पाच-सहाशे किलो सळई लागते. हे माहीत असलं की ठेकेदाराचा आकडा तपासता येतो, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची समोर ठेवून भावही ताडता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. त्याआधीची कोटेशनं घेऊन बसला असाल तर ती नव्याने मागवा. अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के ठेवायची रीत आहे. मला ती जुन्या घरासाठी अपुरी वाटते. खड्डा घेऊन पाया पाहीपर्यंत आणि कोबा फुटेपर्यंत वीस टक्के राखून ठेवावेत, मग जे कळलं त्याप्रमाणे ते कमी करावेत. पैसे पुरत नसतील तर मजला लहान करा. वॉटरप्रूफिंग लहान करू नका. स्लॅब दिवाळीनंतर लवकर पडेल असं पाहा, म्हणजे दहा-चौदा दिवस पाणी मारून मुरवायलाही वेळ मिळतो आणि मृगाआधी छताचं काम पुरं होतं. आणि ठेकेदाराच्या बिलातली निदान पाच टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत देऊ नका. ही अट काम सुरू होण्याआधी, कागदावर लिहून घ्या.