तळटीप, मलम आणि त्वचेचा दाह

भारतात कोणते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे ‘औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५’ मधील ‘एच’ अनुसूची सांगते. या अनुसूचीला दीर्घकाळ एक तळटीप चिकटून होती. यादीतल्या द्रव्यांपासून बनलेल्या औषधांवर बंधन राहील, पण त्वचेवर लावण्याची औषधे त्यातून वगळली जातील, असा तिचा आशय. म्हणजे स्टेरॉइडची गोळी चिठ्ठीवर, आणि तेच स्टेरॉइड मलमाच्या ट्यूबमध्ये भरले की जवळपास मोकळे. जे बाहेरून लावायचे ते निरुपद्रवी, असा भाबडा समज त्यामागे असावा. नियमांचा जन्म झाला तेव्हा अशी मलमे नव्हतीच. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो, हे १९५२ मध्ये पुढे आले. मात्र क्लोबेटासोलसारखी कैक पटींनी तीव्र मलमे बाजारात स्थिरावल्यावरही ही पळवाट खुलीच राहिली.

दोन दशकांहून अधिक काळ मी उत्तर भारतातील सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत काम केले. त्या काळात बाह्यरुग्ण कक्षाचे रूपच पालटले. पूर्वी नायट्याचा रुग्ण आला की दोन आठवड्यांच्या औषधाने त्याचे काम भागत असे. पुढे तोच रुग्ण महिनोन् महिने येऊ लागला, सोबत बायको आणि मुले. त्याच्या जांघेतील, पोटावरील चट्ट्यांना नायट्याची ती ओळखीची गोल कडच उरलेली नसे, आणि खिशातून एक अर्धवट पिळलेली ट्यूब निघत असे.

असे का होते, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. स्टेरॉइड दाह शमवते. खाज थांबते, लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते. पण बुरशीला रोखणारी शरीराची फौजही त्याच वेळी झोपी जाते आणि बुरशी निवांत पसरते. ओळख हरवलेल्या या नायट्याचे वर्णन ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ मध्येच केले होते. भारताने त्यात भर घातली ती प्रमाणाची. आपल्या बाजारात तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली संयुक्त मलमे स्वस्तात मिळतात. रोगनिदानच नको, कशावरही लावा, असा त्यांचा अलिखित वायदा. रुग्णाची एका दिवसाची मजुरी वाचते, औषध दुकानदाराचे गिऱ्हाईक टिकते. या व्यवहारात कुणीही मूर्ख नाही. म्हणूनच तो मोडणे अवघड आहे.

गोरेपणाच्या हव्यासाची बाजू याहून वाईट. देशातील १२ केंद्रांत झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावत असे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची त्यात तपासणी झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या १२६ जणांसाठी ते गोरे होण्याचे किंवा रोजच्या वापराचे क्रीम होते. सुमारे ५९ टक्क्यांना ते डॉक्टरांनी नव्हे, तर दुकानदार, शेजारी, नातलग अशा कुणी तरी सुचवले होते. दुष्परिणाम ९० टक्क्यांहून अधिक लोकांत दिसले: मुरमे, पातळ पडलेली त्वचा, कायमची लाली, गालांवर केस. मलम थांबवले की चेहरा पेटल्यासारखा होतो. म्हणून रुग्ण ते पुन्हा लावतो. व्यसनाचे चक्र याहून वेगळे नसते. उरलेल्या ४१ टक्क्यांचे काय, हेही विचारायला हवे. त्यांना ते डॉक्टरांनीच लिहून दिले होते.

एक स्पष्टीकरण येथेच केलेले बरे. स्टेरॉइड मलम खलनायक नाही. इसब आणि सोरायसिसच्या रुग्णांसाठी ते आजही पहिल्या फळीचे औषध आहे, आणि त्याच्या अवाजवी भीतीपोटी इसबाने रात्रभर खाजवत बसणारी लहान मुले मी पाहिली आहेत. प्रश्न आहे तो कुणाला, कोणत्या भागावर, किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हा. नेमके हेच दुकानाच्या काउंटरवर ठरवता येत नाही.

या गैरवापराची किंमत आता आकड्यांत मोजता येते. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नायट्याच्या २०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने चार गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाला एकेक बुरशीनाशक दिले गेले. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनाझोलने ६६ टक्के, फ्लुकोनाझोलने ४२, टर्बिनाफिनने २८ आणि ग्रायसिओफुल्विनने अवघे १४ टक्के रुग्ण बरे झाले. ज्या टर्बिनाफिनवर पाठ्यपुस्तके विसंबली होती, ते दर दहापैकी सात रुग्णांत निष्प्रभ! बुरशीच्या एका जनुकातील बदल टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, हे दिल्लीतील प्रयोगशाळांनीही दाखवून दिले. प्रतिकाराला केवळ स्टेरॉइडच जबाबदार, असे मी म्हणणार नाही. अर्धवट मात्रा, मध्येच सोडलेले उपचार, दाटीवाटीची घरे आणि घट्ट कृत्रिम कपडे यांचाही वाटा आहे. पण संसर्ग महिनोन् महिने रेंगाळत ठेवण्याचे काम या मलमांनी चोख केले.

त्या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र प्रजातीचे नाव मिळाले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच भारत आहे. रोगाला देशाचे नाव देऊ नये, हे मला तत्त्वत: मान्य, पण नावावर रागावण्याआधी बुरशी येथे का फोफावली, हे पाहावे लागेल. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद जाहीर केली. त्यांतली एक महिला परदेशी गेलीच नव्हती.

मग शासनाने काय केले? काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यांत अशी काही मलमेही होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरानंतर फेरतपासणीचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली. दरम्यान, त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये १४ बाह्योपचारी स्टेरॉइडे चिठ्ठीच्या बंधनाखाली आली. कागदावर हे मोठे यश होते. परंतु चिठ्ठीची अट तपासणार कोण? रघुनाथ माशेलकर समितीने २००३ मध्येच दर २०० विक्री केंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा, असे सुचवले होते. परवाने राज्यांचे, निरीक्षक राज्यांचे, बंदीचा अधिकार केंद्राचा. एका संयुक्त मलमावर बंदी आली की घटक थोडा बदलून दुसरे येते, आणि निरीक्षक तिसऱ्याच तालुक्यात असतो.

येथे संशोधनाच्या अर्थकारणाकडे पाहिले पाहिजे. सोरायसिससारख्या आजाराच्या नव्या जैविक औषधासाठी चाचणी उभी राहते, कारण तिच्या टोकाला बाजारपेठ असते. बंगळूरुच्या बायोकॉनचे इटोलिझुमॅब असेच २२३ रुग्णांवरील चाचणीनंतर २०१३ मध्ये भारतात मान्य झाले, आणि ते आपल्या औषधशास्त्राला भूषणावहच आहे. पण वीस-तीस रुपयांचे मलम बंद केल्यावर काय होते, याचा अभ्यास कोणती कंपनी करील? तो पाठबळाविना, निवासी डॉक्टरांच्या प्रबंधांतून आणि रविवारच्या फावल्या वेळात होतो. वर उल्लेखलेले अभ्यास त्याच परंपरेतले. अशा संशोधनासाठी सार्वजनिक निधीचा स्वतंत्र वाटा राखून ठेवावा, ही मागणी मला औषधबंदीहूनही तातडीची वाटते. न्यायालयात बंदी टिकवायची तर पुरावा लागतो. आणि तो गोळा करण्यास सरकारखेरीज कुणालाही कारण नाही.

बाहेरून लावलेल्या औषधाची ही कथा. पोटात घेतलेल्या औषधाने त्वचेवर उमटणारी प्रतिक्रिया क्वचित घडते, पण जीव घेते. तिच्या सर्वांत भीषण रूपात, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिसमध्ये, भाजल्यासारखे त्वचेचे पापुद्रे सुटतात आणि साधारण दर तिघांतील एक रुग्ण दगावतो. हा आजार भारतीय वृत्तपत्रांत पोचला तो डॉ. कुणाल साहा यांच्या खटल्यामुळे. त्यांच्या पत्नीला १९९८ मध्ये कोलकात्यात पुरळ उठले, दीर्घकाळ अंमल टिकणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शने अवाजवी मात्रेत दिली गेली आणि मुंबईत त्यांचा अंत झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निष्काळजी ग्राह्य धरली, २०१३ मध्ये ५ कोटी ९६ लाखांची भरपाई ठरवली. देशाने तो आकडा लक्षात ठेवला. अशा रुग्णांची नोंद कोठे होते, संशयित औषध कसे शोधतात, यावर चर्चा झालीच नाही.

वस्तुत: काही प्रतिक्रिया टाळता येतात. अपस्मारावरील कार्बामाझेपाइन आणि ‘एचएलए-बी*१५:०२’ हा जनुकप्रकार यांचे नाते तैवानमध्ये २००४ साली उघड झाले. तेथे पुढे ४८७७ जणांची आधी रक्तचाचणी केली, जनुकप्रकार आढळलेल्यांना ते औषध दिले नाही, आणि एकालाही ही प्रतिक्रिया झाली नाही. भारतातील २००९ च्या एका छोट्या अभ्यासात अशा आठ रुग्णांपैकी सहा जणांत तोच प्रकार सापडला. आठ रुग्णांवरून राष्ट्रीय धोरण आखता येत नाही. पण तो अभ्यास आठशेंवर नेण्याचे काम कुणाचे, हे ठरवता येते.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात. तो काम करतो, याचा पुरावा नोव्हेंबर २०२३ अखेरीस मिळाला. मासिक पाळीच्या वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक अ‍ॅसिडमुळे ‘ड्रेस’ ही ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा करणारी प्रतिक्रिया होऊ शकते, असा इशारा आयोगाने दिला. ती उमटते औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. तोवर गोळी कोणती घेतली होती, हेही विस्मरणात गेलेले असते. रुग्णाने स्वत: भरायचा फॉर्म मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. तो औषध दुकानांच्या काउंटरवर ठेवण्याची सक्ती राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांनी परवान्याच्या अटींत घातली, तर खर्च छपाईपुरता येईल. मी काम केलेल्या एका विभागात आम्ही असे गठ्ठे बाह्यरुग्ण कक्षात ठेवले होते. फॉर्म भरताना रुग्ण सर्वाधिक अडत तो बॅच क्रमांकाच्या रकान्यापाशी. मलमावर तो क्रमांक ट्यूबच्या दुमडलेल्या टोकाशी छापलेला असतो, आणि मलम पुरवून पुरवून वापरणारा रुग्ण ते टोकच आधी गुंडाळत जातो.