कलिलांच्या जगात : तुरटीचा हिशेब

या आठवड्यात जेलकडे वळायचे ठरले होते. ते आता पुढच्या खेपेस. सोन्याच्या लाल कलिलात मीठ पडताच ते निळे का होते, हे आधीच्या लेखात वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न मागे टाकवत नाही. कणांवरचा ऋण प्रभार धन आयनांनी फेडला जात असेल, तर गढूळ पाणी निवळायला एवढीशी तुरटी कशी पुरते, आणि तेवढ्याच मिठाने काहीच का होत नाही? प्रश्नाच्या मुळाशी जे गृहीत आहे तेच आधी तपासले पाहिजे. प्रभाराची अशी सरळ फेड होत असती, तर तीन प्रभारांचा ॲल्युमिनियम आयन एका प्रभाराच्या सोडियमच्या एक तृतीयांश लागला असता, त्याहून कमी नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ शुल्झ यांनी १८८२ साली आर्सेनिक सल्फाइडच्या पिवळ्या कलिलावर प्रयोग केले, तेव्हापासून हा हिशेब चुकतो हे ठाऊक आहे. ते कलिल साकळायला लिटरमागे सोडियम क्लोराइड सुमारे ५१ मिलिमोल लागते, मॅग्नेशियम क्लोराइड ०.७२ आणि ॲल्युमिनियम क्लोराइड अवघे ०.०९३. म्हणजे दोन प्रभारांचा आयन सत्तर पट प्रभावी, तीन प्रभारांचा साडेपाचशे पट. १९०० साली केंब्रिजच्या हार्डी यांनी यात महत्त्वाची भर घातली : कणाच्या प्रभाराविरुद्ध प्रभार असलेला आयनच काय तो निर्णायक. दोघांचे मिळून हेच शुल्झ-हार्डी नियम म्हणून ओळखले जाते. म्हणून आर्सेनिक सल्फाइडपुढे सल्फेटचे दोन ऋण प्रभार जवळजवळ निष्प्रभ ठरतात, आणि धन प्रभाराच्या फेरिक हायड्रॉक्साइडच्या कलिलात तोच सल्फेट क्लोराइडला कितीतरी मागे टाकतो.

सत्तर आणि साडेपाचशे हे आकडे मला फार बोलके वाटतात, कारण ते बेरीज-वजाबाकीत बसतच नाहीत. पाण्यातला प्रत्येक ऋण कण आपल्याभोवती धन आयनांचे विरळ आवरण बाळगून असतो, आणि दोन कण जवळ आले की ही आवरणे एकमेकांना भिडून कणांना दूर लोटतात. अगदी निकट आल्यावर मात्र व्हॅन डर वाल्स आकर्षण वरचढ ठरते. त्यामुळे कण चिकटतील की परत फिरतील, हे ठरते आवरणाच्या जाडीवर. लिटरमागे १ मिलिमोल मीठ असेल तर ही जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते, १०० मिलिमोलला जेमतेम १. मीठ कणाचा प्रभार पुसत नाही, त्याचा पल्ला आखडून टाकते. हे गणित सोव्हिएत रशियात देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये मांडले, आणि नेदरलँड्समध्ये फरवे आणि ओव्हरबेक यांनी स्वतंत्रपणे करून १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कणांवरचा प्रभार तीव्र असेल तर आयनाचा प्रभाव त्याच्या प्रभाराच्या सहाव्या घाताने वाढतो, असे त्यातून निघते. दोनाचा सहावा घात ६४, तिनाचा ७२९. आर्सेनिक सल्फाइडचे आकडे याच्या किती जवळ आहेत पाहा! प्रभार दुबळा असेल तर सिद्धांतातला हा घात दोनापर्यंत खाली येतो, त्यामुळे प्रत्येक कलिलात ६४ आणि ७२९ मिळतील अशी अपेक्षा धरू नये. पण तिपटीचा साधा हिशेब यातल्या कुठल्याच टोकाला लागू पडत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ॲल्युमिनियमचा आयन साध्या पाण्यात तीन प्रभारांनिशी सुटा राहतोच कुठे? पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचे हायड्रॉक्साइड बनते, मग साडेपाचशेच्या आकड्यावर विसंबायचे कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा भरवसा मॅग्नेशियमवर अधिक आहे. ते पाण्याशी इतक्या सहज अभिक्रिया करत नाही, तरी सत्तर पट प्रभाव दाखवतेच. तुरटीची गोष्ट मात्र या आक्षेपामुळे खरोखर बदलते. मातीचे कण ऋण. तुरटीतून बनणारे ॲल्युमिनियमचे धन संयुग-समूह त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तिथला प्रभार खरोखरच फेडतात. पुरावा असा, की आम्लधर्मी पाण्यात तुरटी प्रमाणाबाहेर पडली तर कणांवर उलटा, धन प्रभार चढतो आणि गढूळपणा पुन्हा टिकू लागतो. नुसता पल्ला आखडण्याने हे कधीच झाले नसते. मीठ कितीही वाढवले तरी प्रभाराचे चिन्ह उलटत नाही. नेहमीच्या, थोडा क्षार असलेल्या पाण्यात आणखी एक क्रिया जोडीला येते : हायड्रॉक्साइडचा भुसभुशीत, कापसासारखा साका तयार होतो आणि खाली बसताना मातीला आपल्यात गुंतवून नेतो. जलशुद्धीकरण केंद्रात मात्रा सूत्राने न ठरवता त्या दिवसाच्या पाण्याचे नमुने ओळीने भांड्यांत घेऊन, प्रत्येकात वेगळी तुरटी घालून ठरवतात, ते यासाठीच. तेव्हा वाचकाची कल्पना तुरटीपुरती बरीच बरोबर आहे, आणि मिठापुरती चूक. पाठ्यपुस्तके शुल्झ-हार्डी नियमाचे उदाहरण म्हणून पहिल्यांदा तुरटीच पुढे करतात. माझ्या मते तो मान मॅग्नेशियमला द्यायला हवा. जेल पुढच्या आठवड्यात नक्की.