बेअरिंग कधी बदलायचं? देखभालीचं गणित आणि रजिस्टरमध्ये नसलेला एक कॉलम



पीएच.डी.साठी विषय शोधणारे बरेच विद्यार्थी विचारतात, "संख्याशास्त्र घेऊन कारखान्यात काय करणार?" आज त्याचंच उत्तर देते. विषय आहे औद्योगिक देखभाल, म्हणजे आपण ज्याला सरळ मेंटेनन्स म्हणतो. आणि हे सांगताना माझी एक चूकही सांगणार आहे. ती वेळेवर लक्षात आली नसती तर एका छोट्या युनिटचा दरवर्षीचा खर्च माझ्या सल्ल्यामुळे वाढला असता.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा विषय घराजवळचा आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारी शेकडो छोटी युनिट्स उभी राहिली. चिकलठाणा, शेंद्रा इथेही असंच चित्र आहे. अशा युनिटमध्ये दोन-चार महत्त्वाची मशीन्स असतात. त्यातलं एक बंद पडलं की फक्त दुरुस्तीचा खर्च येत नाही. माल वेळेवर जात नाही, कामगार बसून राहतात, पुढच्या कंपनीची लाइन अडू शकते. म्हणून मालकाचा प्रश्न साधा असतो: भाग तुटेपर्यंत चालवू, की आधीच बदलू? आणि आधी बदलायचा तर किती आधी?

आधी बदलणं नेहमी शहाणपणाचं असतं का?

आपल्याला वाटतं, लवकर बदललं की सुरक्षित. जरा आकडे मांडून बघू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही कारखान्याचे नाहीत.

समजा, एक बेअरिंग ठरवून बदललं तर सगळा मिळून खर्च 6,000 रुपये. पण चालू शिफ्टमध्ये ते गेलं, तर शाफ्टचं नुकसान, थांबलेलं काम धरून 40,000 रुपये. हे बेअरिंग झिजत जाऊन निकामी होतं आणि त्याचं सरासरी आयुष्य सुमारे 893 तास आहे. आता तासाला पडणारा सरासरी खर्च असा येतो:

– तुटेपर्यंत चालवलं: सुमारे 45 रुपये
– दर 450 तासांनी बदललं: सुमारे 20 रुपये
– दर 200 तासांनी बदललं: सुमारे 31 रुपये
– दर 100 तासांनी बदललं: सुमारे 60 रुपये

नीट बघा. योग्य वेळी बदललं तर खर्च निम्म्याहून कमी होतो. पण फार घाई केली तर तुटेपर्यंत चालवण्यापेक्षाही महाग पडतं. म्हणजे मध्ये कुठेतरी एक स्वस्त जागा असते आणि ती शोधणं हेच गणित. रिचर्ड बार्लो आणि लॅरी हंटर यांनी 1960 मध्ये हे नीट सूत्रात मांडलं. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

आता एकच गोष्ट बदलू. खर्च तेच, सरासरी आयुष्य तेच 893 तास. पण बेअरिंग झिजून जात नाही, अचानक जातं. धूळ शिरली, कूलंट शिरलं, कुणीतरी चुकीचं बसवलं. नव्या बेअरिंगला जितका धोका, तितकाच जुन्यालाही. अशा वेळी तुटेपर्यंत चालवलं तर खर्च तासाला तेच 45 रुपये. पण दर 450 तासांनी बदललं तर 55 रुपये! का? कारण आपण चांगलं चाललेलं बेअरिंग काढून तितकाच धोका असलेलं नवं बसवतो, आणि त्याचे 6,000 मोजतो.

सरासरी आयुष्य एकच, पण सल्ला उलटा. म्हणून "किती दिवस टिकतं?" या प्रश्नाआधी "कसं निकामी होतं?" हा प्रश्न विचारावा लागतो.

बीटा म्हणजे काय?

हे ओळखण्यासाठी आपण बहुतेक वेळा वायबुल वितरण वापरतो. स्वीडनच्या वालोदी वायबुल यांचा त्यावरचा गाजलेला लेख 1951 चा. त्यातला बीटा हा आकडा आपल्याला हवा ते सांगतो. बीटा 1 पेक्षा जास्त असेल तर भाग वयानुसार झिजतोय. 1 च्या आसपास असेल तर वयाचा संबंध नाही. 1 पेक्षा कमी असेल तर नवीन भागालाच धोका जास्त, म्हणजे बसवण्यात किंवा मालात काहीतरी गडबड आहे.

वरच्या पहिल्या उदाहरणात मी बीटा 3 धरला होता, दुसऱ्यात 1. बस्स, एवढाच फरक.

"पण यंत्र म्हटलं की झीज आलीच ना?" असं तुम्ही म्हणाल. विमानांच्या क्षेत्रातही आधी तसंच मानायचे. 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी एक मोठा अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानाच्या भागांपैकी फक्त 11 टक्के भागांत वयानुसार धोका वाढत जाताना दिसला. तब्बल 68 टक्के भागांत सुरुवातीला धोका जास्त होता आणि नंतर तो कमी होऊन स्थिर राहिला. हे आकडे विमानांचे आहेत, वाळूजच्या प्रेसला जसेच्या तसे लावू नका. पण "जुनं म्हणजे धोकादायक" हे गृहीत धरायचं नसतं, तपासायचं असतं, एवढं त्यातून नक्की घ्या.

त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॅडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली. विमानांची ठरलेली तपासणी झाली की लगेच बिघाड वाढायचे आणि नंतर हळूहळू कमी व्हायचे. म्हणजे उघडझाप करण्यातूनच काही बिघाड येत होते. आपल्याकडचे अनुभवी फिटर हेच म्हणतात, "चालतंय ना, मग हात लावू नका." त्यात आळस असेल असं वाटतं, पण कधी कधी त्यात निरीक्षण असतं.

माझी चूक

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी वाळूजमधल्या एका छोट्या युनिटचं ब्रेकडाऊन रजिस्टर घेतलं. नोंदी साध्या होत्या: तारीख, मशीन, "बेअरिंग बदलले", सही. मी दोन नोंदींमधला काळ काढला, त्याला बेअरिंगचं आयुष्य म्हटलं आणि वायबुल बसवलं. बीटा 3 च्या वर आला. आलेख सुंदर. मी खूश! अहवालाचा मसुदा लिहिला: बेअरिंग झिजतात, सध्यापेक्षा लवकर बदला. मालकही तयार झाले.

मसुदा द्यायच्या आधी मी तो तिथल्या मेंटेनन्सच्या मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नोंदी बघितल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बेअरिंग काय तुटलं नव्हतं, मॅडम. सुट्टी होती, मशीन बंदच होतं, म्हणून बदलून टाकलं."

"आणि हे?"

"हे बी तसंच."

आम्ही दोघांनी बसून एकेक नोंद वेगळी केली. बहुतेक बेअरिंग तुटलेलीच नव्हती. ठरलेल्या अंतराने बदलली होती. म्हणून आयुष्यं एका जागी गोळा झालेली दिसत होती आणि बीटा मोठा येत होता. माझं मॉडेल बेअरिंगची झीज मोजत नव्हतं, युनिटचं सुट्ट्यांचं वेळापत्रक मोजत होतं. जे वेळापत्रक तपासायला मी गेले होते, त्यालाच माझा आलेख पुरावा म्हणून पुढे करत होता.

या प्रकाराला संख्याशास्त्रात सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. म्हणजे भाग किमान इतके तास टिकला एवढंच माहीत आहे. पुढे किती टिकला असता ते माहीत नाही. साधं उदाहरण घ्या. 20 बेअरिंग आहेत. 6 निकामी झाली, सरासरी 300 तासांनी. 14 चांगली असतानाच 450 तासांना बदलली.

– सगळी तुटली असं धरलं: सरासरी आयुष्य 405 तास
– फक्त तुटलेली मोजली: 300 तास
– एकूण चाललेले 8,100 तास भागिले 6 बिघाड: 1,350 तास

बिघाड अचानक होणारे असतील तर तिसरं उत्तर बरोबर. एकाच रजिस्टरमधून तीन उत्तरं, आणि त्यातली दोन चुकीची!

नोंदी वेगळ्या केल्यावर माझा बीटा 1 च्या जवळ आला. म्हणजे लवकर बदलून उपयोग नव्हता, उलट खर्च वाढला असता. मग बिघाड का होत होते? ते मामांना आधीपासून माहीत होतं: सीलमधून कूलंट आत जात होतं. इलाज सीलचा होता, बेअरिंगचा नव्हता. रजिस्टरमध्ये "का बदलले" हा कॉलमच नव्हता, म्हणून ते कागदावर कधी आलं नाही.

मग बीटा 1 असेल तर हातावर हात ठेवून बसायचं?

नाही. तेव्हा वय बघण्याऐवजी लक्षणं बघायची: कंपन, तापमान, आवाज, तेलातले धातूचे कण. पण इथे एक नियम लक्षात ठेवा. पहिलं लक्षण दिसल्यापासून प्रत्यक्ष बिघाड होईपर्यंत दहा दिवस मिळत असतील, तर महिन्यातून एकदा तपासून फायदा नाही. तपासणीचं अंतर त्या दहा दिवसांपेक्षा बरंच कमी हवं.

आणि दुरुस्तीचा वेळ विसरू नका. मशीन सरासरी 90 तास चालतं आणि दुरुस्तीला 10 तास लागतात, तर ते 90 टक्के वेळ उपलब्ध आहे. भागाचं आयुष्य दुप्पट केलं तर उपलब्धता जवळपास 95 टक्के होते. आणि आयुष्य तेवढंच ठेवून दुरुस्तीचा वेळ निम्मा केला तरी तितकीच होते! आयुष्य दुप्पट करायला महागडा भाग लागतो. वेळ निम्मा करायला कधी कधी स्टोअरमध्ये एक स्पेअर आणि हात जाईल अशी जागा पुरते. आपल्या शहरातली मलिक अंबरची नहर आठवा. 17व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या त्या जमिनीखालच्या नहरीत माणसाला उतरून साफसफाई करता यावी म्हणून जागोजागी तोंडं ठेवली होती. देखभाल स्वस्त व्हायची असेल तर तिचा विचार बांधतानाच करावा लागतो.

तुम्ही या विषयात येणार असाल तर

1. डेटा हातात आला की आधी विचारा, ही नोंद कोणी, कधी आणि का केली?
2. प्रत्येक बदलासमोर "तुटला" की "ठरवून बदलला" हे लिहून घ्या. नसेल तर मॉडेल बसवायची घाई करू नका.
3. जुन्या नोंदी सुधारता येत नसतील तर पुढच्या सहा महिन्यांसाठी एक कॉलम वाढवून मागा. सॉफ्टवेअर लागत नाही, पट्टी-पेन्सिल पुरते.
4. निष्कर्ष गाइडच्या आधी नाही, पण मालकाच्या आधी फिटरला नक्की दाखवा.

त्या युनिटच्या रजिस्टरमध्ये आता "कारण" असा कॉलम आहे. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्याच नोंदींवर उभं आहे. पहिला मसुदा मी फाडला नाही. टेबलाच्या खणात ठेवलाय. आलेख फारच सुंदर आला की तो काढून बघते.