गोष्टीत नसलेलं माकड

लंडन, कॅम्डन टाउन, १८६५ सालाच्या आगेमागे. डॅल्झिएल बंधूंच्या, छपाईचे लाकडी ठसे कोरण्याच्या कारखान्यातला एक खोदकार. लुईस कॅरलच्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' या पुस्तकावर त्याचं नाव नाही, त्यामुळे दिवस माझ्या कल्पनेतला. काम मात्र असंच चालायचं.

सकाळी ८. समोर बॉक्सवुडचा ठोकळा, त्यावर जॉन टेनियलने पेन्सिलीने काढलेलं चित्र, डावं-उजवं उलटं. 'अ‍ॅलिस'च्या ४२ चित्रांपैकी हे एक: डोडो अ‍ॅलिसला अंगुस्तान देतोय. ठोकळा वाळू भरलेल्या कातडी उशीवर ठेवायचा. कोरणी स्थिर धरायची, फिरवायचा तो ठोकळा.

९. डोडो. हा पक्षी केव्हाच नामशेष झालेला. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात त्याचं डोकं, पाय आणि एक जुनं रंगचित्र तेवढं उरलंय. टेनियलने त्याला पंखांखालून चक्क माणसाचे हात दिलेत.

११. डोडोमागून माकड डोकावतंय. कॅरलच्या मजकुरात माकडाचा उल्लेखही नाही. आणि नेमका त्याचाच चेहरा काळपट! टेनियल करडी छटा आडव्या-तिडव्या रेघांनी आणतो. त्याला कागदावर दोन फटकारे पुरतात. खोदकाराला मात्र रेघा उंच ठेवून त्यांच्यामधला प्रत्येक शंकरपाळा वेगळा टोकरून काढावा लागतो. एक रेघ तुटली की गालावर पांढरा डाग.

दुपारी १. पाव, चीज. शेजारचा 'डार्विन!' म्हणून हसला असेल का? शक्य आहे. डार्विनचं 'ओरिजिन' १८५९चं, ऑक्सफर्डच्या त्याच संग्रहालयातला उत्क्रांतीवरचा वाद १८६०चा, आणि पुढच्याच वर्षी 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने गोरिलाला घेऊन माणसाच्या वंशावळीची थट्टा केली. टेनियल 'पंच'चाच व्यंगचित्रकार. तरी मला ही ओळख जरा घाईची वाटते. असंच माकडतोंड त्याने 'पंच'मध्ये आधीच काढलं होतं, नेपल्सच्या राजाची टर उडवायला. हाताला वळण पडलेलं तोंड, इतकंच असेल. पण १८६५च्या वाचकाला डोडोशेजारी माकड दिसल्यावर राजा आठवणार होता थोडाच!

४. अंधारलं. दिव्यापुढे पाणी भरलेला काचेचा गोळा. उजेड एकवटून ठोकळ्यावर पडतो. अजून माकडच.

सायंकाळी ७. शाई, पातळ कागद, वरून घासणी: पहिला ठसा. तो टेनियलकडे जाणार, पांढऱ्या रंगाने दुरुस्त्या होऊन परत येणार. माणूस भारी चिकित्सक. पुढे छपाई पसंत पडली नाही म्हणून त्याने पहिली आवृत्तीच मागे घ्यायला लावली.