कॉफी पूड विकायची? आधी बाग बघून या

मैत्रिणींनो, गटाच्या स्टॉलवर कॉफी पूड ठेवायचं मनात असेल, तर आधी ती बनते कशी ते बघा. महाराष्ट्रात कॉफीचं झाड दिसेल अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. डोंगरीहून लांबच आहे. रात्रीची रेल्वे, मग परतवाड्यावरून एसटी. जायचं मात्र थंडीत, पावसाळ्यात फळ पिकलेलं नसतं.

फळ करवंदाएवढं, आत सहसा दोन बिया. लाल झालेलीच खुडायची, म्हणून एकाच झाडाशी पुन्हा पुन्हा यावं लागतं. मग उन्हात पातळ पसरून दोन-तीन आठवडे वाळवायची, वर-खाली करायची, रात्री झाकायची. बोंबील वाळवणारीला हे काय सांगायचं! ओल राहिली की बुरशी, आणि तो कुबट वास बी भाजूनही जात नाही. नंतर साल काढून बी भाजतात, तेव्हा कुठे कॉफीचा वास सुटतो.

हिशेब बघा: साधारण ५-६ किलो फळांतून १ किलो कच्ची बी, भाजल्यावर तीही घटते. म्हणून पूड फारच स्वस्त मिळाली तर पाकिटावर चिकोरी किती टक्के ते वाचा. चिकोरी म्हणजे एका रोपाचं भाजून दळलेलं मूळ. पहिल्या खेपेला किलोभरच आणा.