पिवळी टोपी निघाली शाळेला

बालमित्रांनो, तुम्ही शाळेत कसे जाता? कुणी रिक्षात कोंबून बसून, कुणी बाबांच्या गाडीवर, कुणी एस.टी.नं, तर कुणी बांधावरून चालत. आणि पहिली-दुसरीत असताना? आई किंवा आजोबा हात धरून फाटकापर्यंत सोडायला आलेच असतील. बरोबर ना?

आज मी तुम्हांला एका अशा शहराची गोष्ट सांगणार आहे, जिथं सहा वर्षांची मुलं पाठीवर दप्तर टाकतात आणि एकटीच शाळेत निघतात. तेही एखाद्या खेड्यात नव्हे, तर सुमारे १ कोटी ४० लाख वस्तीच्या राजधानीत! हे शहर म्हणजे टोकियो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मार्च २०२३ मध्ये आमच्या ह्यांना कंपनीनं दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं. मग मीही बिनपगारी रजा टाकली आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याबरोबर गेले.

कसाई नव्हे, कासाई!

आमचं घर होतं निशी-कासाई या भागात. निशी म्हणजे पश्चिम. पण फोनवर आजीला वेगळंच ऐकू आलं. "अगंबाई, कसाईवाड्यात घर घेतलंत की काय?" तिची समजूत घालता घालता पुरेवाट झाली!

टोकियोचे २३ मुख्य विभाग आहेत. त्यांतल्या एदोगावा विभागात हे निशी-कासाई येतं. इथं भारतीय माणसं खूप. २००० सालाच्या सुमारास संगणकांना तारखेची अडचण येणार म्हणून बरेच भारतीय इंजिनिअर टोकियोला गेले. निशी-कासाईहून तोझाई रेल्वेनं थेट ऑफिसांच्या भागात जाता येतं, म्हणून ते इथं राहू लागले. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तर २०१९ साली एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. त्यामुळे तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सगळं मिळायचं. नसायचा तो फक्त आवाज!

ही तोझाई लाईन टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी एक. सकाळी अगदी आपल्या मुंबईच्या लोकलसारखी खचाखच. पण डब्यात चिडीचूप! भांडण नाही, भजन नाही, फोनवर बोलणं नाही. पहिल्या दिवशी मी ह्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलले, तर अर्धा डबा वळून बघायला लागला. तेव्हापासून मी कानात कुजबुजायला शिकले.

मुळाक्षरांची ओळख पटली

तिथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये, चेरीची झाडं फुलतात तेव्हा सुरू होतं. वयाप्रमाणे आमच्या चिरंजीवांना दुसरीत घेतलं. सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही फी नसते आणि पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात.

पण भाषा? जपानीत दोन प्रकारची मुळाक्षरं असतात, हिरागाना आणि काताकाना. शिवाय कांजी नावाची चित्रासारखी अक्षरं. प्राथमिकच्या सहा वर्षांत मुलं १०२६ कांजी शिकतात! मला तर घामच फुटला. मग एका संध्याकाळी मुलगा मोठ्यानं म्हणू लागला, "आ, इ, उ, ए, ओ... का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा." मी चमकले. हा क्रम तर ओळखीचा वाटतोय! आणि तो ओळखीचा असायलाच हवा. बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा अभ्यास जपानात पोचला आणि त्यांच्या मुळाक्षरांची मांडणी त्यावरून बसली. आपली बाराखडी फार पूर्वीच तिथवर जाऊन आली होती म्हणायची!

मी लपले वेंडिंग मशीनमागं

शाळेची सूचना स्पष्ट होती. मुलानं रोज ठरलेल्या रस्त्यानंच पायी यायचं. पालकांनी आणून सोडायचं नाही. घरापासून शाळा पंधरा मिनिटांवर, वाटेत दोन मोठे रस्ते ओलांडायचे.

पहिला आठवडा मी बरोबर गेले. सोमवारी त्याला दारातूनच "जा हं नीट" म्हटलं आणि हळूच त्याच्या मागं निघाले. डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर 'रान्दोसेरु' नावाचं कडक, चौकोनी दप्तर. हेच दप्तर सहा वर्षं वापरायचं असतं, बरं का! तो चालतोय आणि मी कधी खांबामागं, कधी थंड पेयांच्या वेंडिंग मशीनमागं लपतेय.

चौकात पिवळा झेंडा घेतलेले एक आजोबा मुलांना रस्ता ओलांडून देत होते. मुलगा हात वर करून पलीकडं गेला. आजोबांनी माझ्याकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, "दाइजोबु." म्हणजे 'सगळं ठीक आहे.' चोरी पकडली गेली! मी मान खाली घालून घरी परतले. पण पुढचे कितीतरी दिवस तीन वाजेपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही.

वाढपी, झाडूवाले, सगळे आपणच

एकदा पालकांना शाळा बघायला बोलावलं होतं. दुपारी वर्गातली पाच-सहा मुलं पांढरे ॲप्रन, टोप्या आणि मास्क लावून जेवणाची भांडी घेऊन आली आणि पंगतीला वाढावं तशी वाढू लागली. सगळ्यांना मिळाल्यावर हात जोडून "इतादाकिमास" म्हणायचं आणि मगच घास घ्यायचा. आम्ही शाकाहारी आणि तिथं साध्या सारातही माशाचं पाणी असतं. म्हणून आमच्या चिरंजीवांना डब्याची परवानगी मिळाली होती. पण वाढायची पाळी त्यालाही चुकली नव्हती!

मग सफाई. कुणी झाडतंय, कुणी फडक्यानं फरशी पुसतंय, कुणी बेसिन घासतंय. बाईसुद्धा हातात फडकं घेऊन त्यांच्यात. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता आणि त्यात प्रत्येकाचं नाव होतं. हुशाराचं, खोडकराचं, सगळ्यांचं. आपल्याकडेही शाळेत झाडलोट होते. पण कुठं ती ठरावीक मुलांच्या वाट्याला येते, कुठं शिक्षा म्हणून दिली जाते. तिथं ती गणितासारखी सगळ्यांसाठी असते. हा फरक माझ्यातल्या शिक्षिकेनं लगेच टिपून घेतला.

घरचा कचराही असाच. जळणारा कचरा ठरलेल्या वारी, बाटल्या-डबे दुसऱ्या वारी. बाटली धुवायची, झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा. एकदा मी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली, तर ती उचललीच नाही. वर चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवली. शेजारच्या आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चित्रांचं वेळापत्रक आणून हातात दिलं!

जमीन हलते तेव्हा

टोकियोत जमीन अधूनमधून हलतेच. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास फार मोठा भूकंप झाला. चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळे आगी लागल्या. भूकंपात आणि आगींत मिळून एक लाखाहून जास्त माणसं गेली. म्हणून १ सप्टेंबर हा दिवस तिथं आपत्तीच्या तयारीचा दिवस असतो. आमच्या मुलाच्या खुर्चीवर एक जाड उशी होती. बसायला उशी, आणि भूकंप झाला की तीच उलगडून डोक्यावर टोपरं! पालकांचीही कवायत होते. आपण जायचं, ओळख पटवायची आणि मगच बाई मूल ताब्यात देणार.

रोज संध्याकाळी खांबावरच्या कर्ण्यांतून एक संथ धून वाजते. मला वाटलं, किती छान, मुलांना घरी बोलावण्यासाठी गाणं! ते खरंच, पण त्यामागं आणखी एक कारण आहे. संकटात सूचना देणारे कर्णे चालू आहेत ना, याची ती रोजची तपासणी असते.

तो पावसाळी दिवस

आता मुख्य गोष्ट सांगते. जून महिना होता. तिथंही जूनमध्ये पावसाळा लागतो, त्याला 'त्सुयु' म्हणतात. तीन वाजले, सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मुलगा नाही! माझ्या पोटात गोळा आला. घरातल्या सपाता तशाच, छत्रीही न घेता मी धावत सुटले. चौकात झेंडेवाले आजोबा होते. मला धड बोलता येईना, पण माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी मला थांबवून खिशातला फोन काढला. तेवढ्यात समोरून वर्गाच्या बाई भिजत सायकलवरून आल्या आणि हातानंच 'चला' म्हणाल्या.

दोन गल्ल्या पलीकडं एक लाँड्री होती. आत स्टुलावर आमचे चिरंजीव बसलेले! अंगाभोवती टॉवेल, हातात बार्लीच्या थंडगार चहाचा पेला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तर हा म्हणतो कसा, "आई, रडतेस काय? मी स्टिकर बघूनच आत आलो ना!"

झालं होतं असं. छत्रीमुळं समोरचं नीट दिसेना, म्हणून तो पुढच्या पिवळ्या टोपीमागून चालत राहिला. ती टोपी निघाली दुसऱ्याच मुलाची! सगळ्या इमारती सारख्याच दिसायला लागल्या. तेव्हा त्याला शाळेत शिकवलेलं आठवलं. तिथं पोलिसांचा नंबर ११० आहे. काही दुकानांवर आणि घरांवर 'मुलांचं ११०' असं स्टिकर लावलेलं असतं. त्याचा अर्थ, भीती वाटली, रस्ता चुकला, कुणी त्रास दिला, तर सरळ आत या. लाँड्रीच्या दारावर ते स्टिकर होतं. तो आत गेला, शाळेचं नाव सांगितलं. लाँड्रीवाल्या काकूंनी शाळेत फोन लावला.

मी बाईंना म्हटलं, "उद्यापासून मी सोडायला येणार." हे मी फोनमधल्या भाषांतरावर टाईप करून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि त्यावरच उत्तर लिहिलं, "तो रस्ता चुकला. पण रस्ता चुकल्यावर काय करायचं, ते चुकला नाही." मग आम्ही तिघं पावसातच त्या वळणापर्यंत चालत गेलो. मुलानं तिथली खूण पाहून ठेवली. निळ्या छपराचं सायकलचं दुकान.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी समजत होते, इथले लोक मुलांना एकटं सोडतात. पण कुठं होता तो एकटा? चौकात आजोबा होते, लाँड्रीत काकू होत्या, सायकलवर बाई होत्या. मूल एकटं चालत होतं, कारण वाटेवरची सगळी माणसं लक्ष ठेवून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातच थांबले. खरं सांगते, पाय उचलू नये म्हणून दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती!

सगळंच गोड नाही

म्हणून टोकियो म्हणजे स्वर्ग असं समजू नका हं. ह्यांच्या ऑफिसातले कितीतरी बाबा मुलं झोपल्यावर घरी पोचायचे. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं कळायला वर्ष गेलं. वाटीभर साखर मागायला जायची सोयच नाही! जपानात मुलं कमी जन्मतात, त्यामुळे बऱ्याच शाळा बंद पडल्यात. आमच्या मुलालाही पहिले सहा महिने मित्र नव्हता. मधल्या सुट्टीत तो एकटाच झोक्यावर बसायचा. पुढं चेंडूच्या खेळात त्यानं नेम धरून एक भारी फटका मारला, तेव्हा कुठं गट्टी जमली.

आमच्या गावातली मदतीची घरं

२०२५ मध्ये आम्ही परत आलो. जूनमध्ये शाळा उघडली. आमच्या मुलांच्या वाटेवर ओढा आहे, डांबरी रस्ता आहे, मोकाट कुत्री आहेत आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर. पालकसभेत मी लाँड्रीची गोष्ट सांगितली. एक आई पटकन म्हणाली, "बाई, तिकडं ठीक आहे हो. इथं कुणाचा भरवसा धरायचा?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून आम्ही आधी नकाशा काढला. मुलांनी घर ते शाळा रस्ता काढला, धोक्याच्या जागी लाल ठिपका दिला. मग पालकांनीच नावं सुचवली, कुणाकडं मूल निर्धास्त पाठवता येईल त्यांची. किराणा दुकान, पिठाची गिरणी, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचं कार्यालय. मुलं आणि पालक मिळून प्रत्येकाकडं गेले आणि विचारलं, "अडचण आली तर तुमच्याकडं आलो तर चालेल का?" हो म्हणणाऱ्याच्या दारावर मुलांनी पुठ्ठ्याचा पिवळा गोल लावला. त्यावर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर लिहिला. गिरणीवाले काका म्हणाले, "पोरं रोज दारावरनंच जात्यात. आता मान वर करून बघायचं, एवढंच की!"

शंका काढणारी ती आई? तिच्या घराला आता सातवा पिवळा गोल लागलाय.

मुलांनो, या रविवारी आईबाबांना बरोबर घेऊन तुमच्याही वाटेचा नकाशा काढा. धोक्याच्या जागा दाखवा. आणि तुमच्या वाटेवर पिवळा गोल कुणाच्या दारावर लावाल, ते आईबाबांना विचारून ठरवा!